अर्ध्या तिकिटापासून स्वतंत्र आसनापर्यंत : मुंबईच्या पूर्व उपनगरातील वाहनांत मुलाचे स्थान

प्रास्ताविक

वाहनांचा इतिहास लिहिताना यंत्र, रस्ता, इंधन, कारखाना आणि मालकी यांची नोंद सविस्तर होते. वाहनात कोण कुठे बसले याची नोंद मात्र क्वचितच आढळते, आणि लहान मूल कुठे बसले याची तर जवळजवळ नाहीच. याचे कारण उघड आहे. मूल बहुधा कुणाच्या तरी मांडीवर बसले, आणि मांडीवर बसणाऱ्याची गणना प्रवाशांत करण्याची रीत आपल्याकडे नव्हती. ही गणना हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लहान मुलाला मोटारीत बसवण्यासाठी जे स्वतंत्र सुरक्षा-आसन वापरले जाते, ज्याला बोलीत सरसकट 'कार सीट' म्हणतात, त्याचा प्रसार आपल्याकडे का झाला नाही, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. किंमत, अज्ञान आणि बेफिकिरी ही त्याची ठरलेली उत्तरे होत. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. ज्या समाजाने आणि ज्या कायद्याने मुलाला दीर्घकाळ शून्य किंवा अर्धा प्रवासी मानले, तेथे त्याच्यासाठी पूर्ण जागा राखून ठेवण्याची कल्पना रुजण्यास वेळ लागणे स्वाभाविक होते. मुंबईच्या पूर्व उपनगरातील नाहूर व त्याच्या आसपासच्या पट्ट्यात ही वाटचाल विशेष स्पष्टपणे पाहता येते.

स्थळाचा संदर्भ

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास निघालेली पहिली आगगाडी याच पट्ट्यातून गेली. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला खाडी व मिठागरे आणि मधून रेल्वेचा मार्ग व जुना आग्रा रोड अशी या भूभागाची रचना. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द पूर्वेकडे मुलुंडपर्यंत वाढली, तेव्हा हा भाग महानगरात आला. आग्रा रोड पुढे लालबहादूर शास्त्री मार्ग झाला आणि त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे राहिले. भांडुप व मुलुंड या दोन स्थानकांच्या मध्ये नाहूरला स्थानक मिळाले ते पुष्कळ मागाहून.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या रस्त्याला एक वेगळे महत्त्व आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना याच मार्गावर होता, आणि भांडुपला सीएटचा टायरचा कारखाना उभा राहिला. फियाट, आणि पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने मध्यमवर्गाच्या व टॅक्सीवाल्यांच्या परिचयाची झालेली गाडी नाहूरपासून काही किलोमीटरवर तयार होत होती. ती गाडी बनवणाऱ्या हातांपैकी बहुतेकांच्या घरी ती नव्हती. कामगार वस्तीतील मूल रेल्वेने, बसने किंवा पायी फिरले. मोटारीत ते बसले तर लग्नाच्या वऱ्हाडात, किंवा रुग्णालयातून घरी येताना टॅक्सीत.

कारखाने बंद पडले किंवा स्थलांतरित झाले, त्यांच्या जमिनींवर गृहसंकुले आली आणि त्या संकुलांच्या पोटात मजल्यामजल्यांचे वाहनतळ आले. मुंबई (पूर्व) प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा 'एमएच ०३' हा क्रमांक मिरवणाऱ्या खाजगी मोटारींची रांग आज जेथे लागते, तेथे दोन पिढ्यांपूर्वी सकाळपाळीचा भोंगा वाजत असे. मोटारीतील मुलाच्या सुरक्षेचा प्रश्न नाहूरसारख्या ठिकाणी घरोघरी उपस्थित होण्याजोगी परिस्थिती या स्थित्यंतरानंतरची आहे.

मांडी

मराठीत लहान मुलाला वाहून नेण्याचे शब्द विपुल आहेत. कडेवर, खांद्यावर, पाठुंगळीस, झोळीत, पाळण्यात, मांडीवर. यांतील प्रत्येक शब्द वाहून नेणाऱ्याच्या शरीराशी किंवा मायेच्या स्पर्शाशी जोडलेला आहे. मूल दत्तक घेण्यालाही 'मांडीवर घेणे' असेच म्हटले जाते. मांडी म्हणजे केवळ बसण्याची जागा नव्हे, तर हक्काची जागा असा या वाक्प्रचाराचा भाव आहे. अशा भाषेत 'मुलाला मांडीवरून उतरवून पट्ट्यांनी बांधून ठेवा' हा सल्ला काहीसा निर्दय वाटला तर नवल नाही.

पद्मिनीच्या रचनेने या रीतीला हातभारच लावला. तिचे पुढचे आसन सलग बाकासारखे होते आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला होता. त्यामुळे चालक व शेजारचा प्रवासी यांच्यामध्ये एक मूल सहज मावे, दुसरे आईच्या मांडीवर आणि उरलेली मागच्या बाकावर उभी राहून मागच्या काचेतून बाहेर पाहत. टॅक्सीच्या मागच्या बाकाला पट्टे नसत. असते तरी ते कुणी लावले असते असे मानण्यास आधार नाही. शहरातील वाहतूक संथ होती आणि संथपणा हीच एक सुरक्षाव्यवस्था होती, असे फार तर म्हणता येईल. द्रुतगती मार्ग आणि उड्डाणपूल झाल्यावर ती उरली नाही, पण सवय मात्र टिकली.

मांडी असुरक्षित का, हे थोड्या गणिताने स्पष्ट होते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १३.९ मीटर जाते. अशी गाडी समोरच्या अडथळ्यावर आदळून, पुढचा भाग चेपत, सुमारे ६० सेंटिमीटरमध्ये थांबली असे धरले, तर आतील प्रत्येक वस्तूला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी १६ पट अवत्वरण सोसावे लागते. १० किलो वजनाचे बाळ त्या क्षणापुरते सुमारे १६० किलोच्या ओझ्यासारखे पुढे झेपावते. हा सारा प्रकार सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास संपतो. आईच्या मायेत उणीव नसते, पण कोणत्याही माणसाच्या दंडांत इतके बळ नसते. त्यातही आईने पट्टा लावलेला नसेल तर तिच्या स्वतःच्या शरीराचा भार मुलावर येतो. मूल व ती दोघे एकाच पट्ट्यात असतील, तर पट्टा व आई यांच्यामध्ये मूल चिरडले जाते.

मांडीवरील हा विश्वास केवळ आपल्याकडचा होता असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९७७ मध्ये, रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञाच्या प्रयत्नांमुळे, मुलांसाठी मोटारीत सुरक्षा-आसन सक्तीचे करणारा त्या देशातील पहिला कायदा संमत केला. १९७८ च्या आरंभी तो अमलात आला. मात्र तो संमत होताना त्यात एक अपवाद घातला गेला. मूल प्रौढ व्यक्तीच्या हातांत धरलेले असेल तर आसनाची गरज नाही, असा तो अपवाद होता. ज्या चुकीच्या निवारणासाठी कायदा आणला, तीच चूक त्याने अशा रीतीने वैध ठरवली. हे कलम मुलांना चिरडणारे आहे अशी टीका झाली आणि ते १९८१ मध्ये वगळण्यात आले. १९८५ पर्यंत त्या देशातील सर्व राज्यांत असे कायदे झाले. थोडक्यात, मोटारी जेथे घरोघर होत्या तेथेही मांडीचा मोह सुटण्यास कायदा झाल्यावर आणखी काही वर्षे जावी लागली.

अर्धा प्रवासी

आपल्याकडील वाहतूक-नियमांत मुलाचे गणित अपूर्णांकांत मांडले गेले. रेल्वेत ५ वर्षांखालील मुलाला तिकीट नाही आणि ५ ते १२ वर्षांपर्यंत निम्मे भाडे. एस.टी.तही त्याच वयाला अर्धे तिकीट. 'हाफ तिकीट' हा शब्द मराठीत ठेंगण्या माणसाची थट्टा करण्यासाठीही वापरला जातो, इतका तो अंगवळणी पडला आहे. ही सवलत कुटुंबांच्या सोयीची होती आणि तिने गरिबांना प्रवास परवडला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु सवलतीच्या पोटात एक गृहीत होते. निम्मे भाडे भरणाऱ्याला जागाही निम्मीच लागते, आणि काहीच न भरणाऱ्याला ती लागतच नाही. २१ एप्रिल २०१६ पासून रेल्वेने आरक्षित डब्यांतील ५ ते १२ वयाच्या मुलासाठी स्वतंत्र शायिका हवी असल्यास पूर्ण भाडे आकारण्यास सुरुवात केली. त्या निर्णयाची चर्चा भाडेवाढ म्हणून झाली, आणि ती भाडेवाढ होतीच. मात्र मुलाने जागा घेतली तर ते पूर्ण प्रवासी, हे तत्त्वही त्यात प्रथमच आकड्यांत उतरले.

रस्त्यावरील शालेय वाहतुकीत हा अपूर्णांक अधिक धोकादायक ठरला. १२ वर्षांखालील विद्यार्थ्यांची ने-आण करताना मंजूर आसनसंख्येच्या दीडपट मुले बसवण्याची मुभा नियमांत दिली गेली. तीन आसनांच्या ऑटोरिक्षाला हा हिशेब लावला तर उत्तर साडेचार येते. त्या उरलेल्या अर्ध्या मुलाचे काय करायचे, हा प्रश्न उपनगरातील चालकांनी आपापल्या परीने सोडवला, आणि तो नेहमी वरच्या दिशेनेच सोडवला गेला. मागच्या आसनासमोर आडवी फळी टाकून त्यावर समोरासमोर बसलेली मुले, बाहेर लटकवलेली दप्तरे, चालकाच्या शेजारी एक मूल, हे भांडुप-मुलुंड भागातील शाळा सुटण्याच्या वेळचे दृश्य अनेक वर्षे नित्याचे होते. मारुतीच्या ओम्नी गाड्याही शालेय वाहतुकीत मोठ्या प्रमाणावर आल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये शालेय बसबाबत निर्देश दिले आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये शालेय बसचे स्वतंत्र नियम केले. वेगनियंत्रक, परिचारक, आपत्कालीन दार, गाडीचा पिवळा रंग अशा अनेक गोष्टी त्यांतून आल्या. प्रत्येक मुलाला स्वतःचे आसन आणि त्या आसनाला त्याच्या मापाचा पट्टा ही गोष्ट मात्र त्या चर्चेच्या मध्यभागी कधी आली नाही.

आसनाची घडण

सुरक्षा-आसनाचा इतिहास स्वतः सुरक्षेपासून सुरू होत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत विकली गेलेली मुलांची आसने मूल उंच बसावे, त्याला खिडकीबाहेर दिसावे आणि त्याने चालकाला त्रास देऊ नये यासाठी होती. व्होल्वो कंपनीतील निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये तीन बिंदूंचा पट्टा आणल्यावर बांधून ठेवण्याची कल्पना प्रतिष्ठित झाली. १९६० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये जीन एम्स यांनी व अमेरिकेत लेनर्ड रिव्किन यांनी टक्कर लक्षात घेऊन आसने तयार केली. खरी वेगळी वाट स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांनी दाखवली. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर टेकून बसतात व त्यामुळे बळ संपूर्ण पाठीवर विभागले जाते, हे पाहून त्यांनी १९६४ मध्ये मागे तोंड केलेल्या आसनाचा नमुना केला.

मागे तोंड करून बसवण्यामागे शरीरशास्त्र आहे. नवजात बालकाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे चौथा हिस्सा असते, तर प्रौढाचे सुमारे आठवा. मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात आणि त्यांना जोडणारे अस्थिबंध सैल असतात. पुढे तोंड करून बांधलेल्या तान्ह्याचे धड टक्करीत पट्ट्याने थांबते, पण जड डोके पुढे जातच राहते आणि सारा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोके, मान व पाठ एकत्रच आसनात दाबली जातात. युरोपात २०१३ पासून लागू झालेल्या 'आर १२९' या विनियमाने निदान १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड करून बसवणे आवश्यक ठरवले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१८ पासून आणखी पुढे जाते. आसनाच्या वजन-उंचीच्या मर्यादेत मूल बसते तोवर त्याला मागेच तोंड करू द्यावे, असा तिचा सल्ला आहे.

मोठ्या मुलाची अडचण निराळी आहे. प्रौढांचा पट्टा कमरेच्या हाडावर टेकण्यासाठी घडवलेला असतो. मुलाच्या कमरेच्या हाडाची कड पुरेशी उभारलेली नसल्याने तो वर सरकून पोटावर येतो, आणि खांद्याचा पट्टा गळ्यावर. म्हणून मूल सुमारे १३५ ते १५० सेंटिमीटर उंचीचे होईपर्यंत त्याला उंचवटा देणारे आसन लागते. शिवाय आसनाची जागा मागच्या बाकावर हवी. पुढच्या प्रवाशासमोरची हवाई पिशवी स्फोटाच्या वेगाने फुगते आणि मागे तोंड केलेल्या आसनावर आदळली तर जीवघेणी ठरते. अमेरिकेत १९९० च्या दशकात अशा मृत्यूंमुळेच मुलांना मागे बसवण्याचा प्रचार जोराने झाला. भारतात २०२१ मध्ये पुढच्या प्रवाशासाठी हवाई पिशवी सक्तीची झाल्याने हा धोका आता आपल्या प्रत्येक नव्या मोटारीत आहे. 'बाबांच्या शेजारी पुढे बसण्याचा' जुना लाड त्यामुळे पूर्वीपेक्षाही अधिक घातक झाला आहे.

आसन घेतले म्हणजे काम संपत नाही. मोटारीच्या पट्ट्याने किंवा आयसोफिक्सच्या कड्यांनी ते घट्ट बसले पाहिजे. पट्टा जेथून जातो तेथे धरून हलवले असता अडीच सेंटिमीटरपेक्षा अधिक हलू नये, असा ढोबळ नियम आहे. मुलाच्या अंगावरील पट्ट्यांना पीळ नसावा आणि खांद्यापाशी चिमटीत धरण्याइतके ढिलेपण राहू नये. मुंबईच्या उन्हात उभ्या गाडीतील पट्ट्याची धातूची कडी कातडी भाजण्याइतकी तापते, म्हणून ती आधी हाताने तपासणे इष्ट. एक गोष्ट मराठी घरांना विशेष खटकते. आपल्याकडे पाळणा पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो आणि थोरल्याचे धाकट्याला हा संसाराचा नियमच आहे. सुरक्षा-आसनावर मात्र वापराची मुदत छापलेली असते, आणि मोठ्या अपघातातून गेलेले आसन वरून धड दिसले तरी पुन्हा वापरायचे नसते. वस्तू टाकून देण्याची ही शिकवण काटकसरीवर वाढलेल्या आजी-आजोबांना पटवणे सोपे नाही.

आणि तरीही या आसनाचा परिचय मराठी मध्यमवर्गाला करून देण्यात आजी-आजोबांचाच वाटा मोठा आहे, हे नमूद करावे लागेल. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या पिढीने हे आसन प्रथम पाहिले ते तेथील रुग्णालयाच्या दारात. बाळाला घरी नेण्यापूर्वी गाडीत आसन आहे ना, याची विचारणा तेथे सर्रास होते. चार दिवसांच्या बाळाला कुणाच्या हातात न देता पट्ट्यांत अडकवून मागे एकटे बसवायचे, ही गोष्ट अनेकींना त्या वेळी क्रूर वाटली आणि परतल्यावर कौतुकाने सांगण्याजोगी वाटली. मुलुंड-ठाण्याच्या घरांत काही आसने विमानाच्या सामानातून आली ती अशी. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या फर्स्टक्रायसारख्या दुकानांनी पुढे ती येथे सुलभ केली.

स्कूटर आणि नॅनो

उपनगरातील बहुसंख्य मुलांचे पहिले खाजगी वाहन मोटार नव्हे, तर स्कूटर. पुढच्या पायठ्यावर सुकाणू धरून उभे असलेले मूल, मागे आई आणि तिच्या मांडीवर दुसरे, हे चित्र रतन टाटा यांनी पाहिले आणि त्यातून स्वस्त मोटारीची कल्पना सुचली, असे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले. जानेवारी २००८ मध्ये नॅनो दाखवली गेली. भारतीय उद्योगाच्या इतिहासात वाहनातील मुलाच्या जागेचा विचार इतक्या ठळकपणे दुसऱ्या कुठल्या गाडीमागे असल्याचे दिसत नाही. आणि तीच नॅनो, ऑल्टो ८००, फिगो, आय-१० व पोलो यांच्या हवाई पिशव्या नसलेल्या आवृत्त्यांसह, ग्लोबल एनकॅपच्या जानेवारी २०१४ मधील टक्कर-चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे घेऊन बसली. पाऊस आणि धक्क्यांपासून मूल छपराखाली आले, पण छप्पर म्हणजे सुरक्षा नव्हे, हे त्या चाचणीने दाखवले. नॅनोच्या उद्दिष्टाची यासाठी टिंगल करणे अन्यायाचे होईल. ताशी ५० किलोमीटरने चाललेल्या स्कूटरवरील चौघांची चाचणी कोणत्याही प्रयोगशाळेने कधी घेतली नव्हती.

स्कूटरवरील मुलाकडे कायद्याचे लक्ष गेले ते पुष्कळ उशिरा. फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारे पट्टे, ९ महिन्यांवरील अशा मुलाला त्याच्या मापाचे शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा ठरवली. ती एक वर्षाने, फेब्रुवारी २०२३ मध्ये, अमलात यावयाची होती. असे पट्टे बांधलेले मूल नाहूरच्या रस्त्यांवर शोधूनच सापडेल.

कायद्यात मुलाचा प्रवेश

भारतात मोटार वाहन अधिनियम १९१४, १९३९ व १९८८ असे तीन झाले. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील नियम १२५ मध्ये वेळोवेळी दुरुस्त्या होऊन आधी पुढच्या व नंतर मागच्या आसनांना पट्टे आले. नियम १३८ ने मागच्या प्रवाशांनाही ते बंधनकारक केले. तो नियम होता, पण त्याची आठवण कुणाला नव्हती. महाराष्ट्राला ती दोनदा, अत्यंत दुःखद रीतीने, करून दिली गेली. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचा मोटारीच्या मागच्या आसनावर असताना अपघाती मृत्यू झाला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री व जहांगीर पंडोल हे मागच्या आसनावरील दोघे दगावले आणि पुढचे दोघे बचावले. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. त्यानंतर मुंबई वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतील सर्वांना पट्टा सक्तीचा केला.

या दोन घटनांच्या दरम्यान मुलाचा उल्लेख कायद्यात आला. २०१६ मध्ये मांडलेले दुरुस्ती विधेयक लोकसभेत संमत होऊनही राज्यसभेत अडकले व व्यपगत झाले. ते पुन्हा मांडले जाऊन ऑगस्ट २०१९ मध्ये अधिनियम झाले. त्यातील कलम १९४-ब च्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे १४ वर्षांखालील मूल सुरक्षा-पट्ट्याने किंवा बाल-सुरक्षा आसनाने बांधलेले नसताना वाहन चालवणाऱ्यास किंवा चालवू देणाऱ्यास एक हजार रुपये दंड आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून ही तरतूद देशात लागू झाली. महाराष्ट्राने वाढीव दंडांची अंमलबजावणी तेव्हा रोखून धरली आणि ती डिसेंबर २०२१ मध्ये केली.

या पोटकलमाचे ऐतिहासिक मोल असे की मोटारीतील मूल येथे प्रथमच पूर्णांकात मोजले गेले. त्याच्या सुरक्षेची जबाबदारी चालकाची ठरली आणि मांडीचा अपवाद, टेनेसीप्रमाणे, घातला गेला नाही. परंतु 'किंवा' या एका शब्दाने बरेच काही सैल सोडले आहे. पट्टा किंवा आसन. दोन वर्षांच्या मुलाला प्रौढांच्या पट्ट्यात बसवले तरी शब्दशः पाहता कायदा पाळला जातो, मग तो पट्टा मुलाच्या गळ्यावरून का जाईना. १३ वर्षांचा उंच मुलगा आणि १३ महिन्यांचे बालक यांना एकाच वाक्यात बसवणाऱ्या तरतुदीकडून याहून वेगळे काही घडणे कठीण होते. केरळमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये परिवहन आयुक्तांनी वयाप्रमाणे आसनांची सक्ती जाहीर केली, तेव्हा काही दिवसांतच परिवहन मंत्र्यांनी ती मागे घेतली. लोकांना परवडणार नाही आणि आसने उपलब्ध नाहीत, हे आक्षेप तेथेही पुढे आले.

कायद्याने सोडलेली जागा काही अंशी मानकांनी भरून काढली. बाल-आसनांचे भारतीय मानक 'एआयएस ०७२' हे ज्या मालिकेतील आहे, ती मालिका पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनकडून प्रसिद्ध होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेला भारत एनकॅप हा गाड्यांना तारे देण्याचा कार्यक्रमही पुण्याशीच जोडलेला आहे. त्यात मुलांच्या सुरक्षेला प्रौढांपासून वेगळे, ४९ गुणांचे मोजमाप आहे. दीड वर्ष व तीन वर्षे वयाच्या मुलांच्या प्रतिकृती आसनांत बसवून टक्कर घडवली जाते, आणि गाडीत आसन किती सहज व अचूक बसते यालाही गुण असतात. खरेदीदार आता विक्रेत्याला मुलांच्या ताऱ्यांविषयी विचारू शकतो. मात्र पाच ताऱ्यांची गाडी घेऊन त्यात मुलाला मांडीवर बसवले, तर त्या ४९ गुणांपैकी बहुतेकांचा उपयोग संपतो, कारण ते गुण आसनात बांधलेल्या मुलाचे असतात.

भाड्याची वाहने

अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजाप्रमाणे योग्य रीतीने वापरलेले आसन मोटारीतील एक वर्षाखालील बालकांच्या मृत्यूची शक्यता ७१ टक्क्यांनी आणि १ ते ४ वयाच्या मुलांत ५४ टक्क्यांनी कमी करते. हे आकडे खाजगी मोटार गृहीत धरतात. नाहूरच्या मुलाचा आठवडा मात्र एका मोटारीत जात नाही. शाळेला व्हॅन किंवा रिक्षा, संध्याकाळी वडिलांची स्कूटर, रविवारी आजोळी जाताना लोकल, लग्नाला भाड्याची गाडी, रात्री उशीर झाला तर मोबाइलवर बोलावलेली टॅक्सी, असा तो असतो. घरात आसन आहे त्या मुलाच्याही प्रवासाचा मोठा हिस्सा त्या आसनाबाहेर होतो.

टॅक्सीत आसन कुणी आणायचे, हा प्रश्न इतरत्रही सुटलेला नाही. ब्रिटनमध्ये टॅक्सीत आसन उपलब्ध नसेल तर मुलाला मागे त्याच्याशिवाय बसवण्याची सूट आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली आणि तिच्यासोबत पट्टे नसलेला मागचा बाकही गेला. आज टॅक्सीच्या मागच्या आसनाला पट्टे असतात, परंतु त्यांच्या कड्या कित्येकदा आसनाच्या खोळीखाली दडपलेल्या आढळतात, आणि प्रवाशाने त्या शोधू लागल्यास चालकाला ते आपल्या चालवण्यावरील अविश्वासाचे लक्षण वाटते. रिक्षाला तर पट्टाच नाही, त्यामुळे तेथे कलम १९४-ब कसे लावायचे, हा प्रश्नच उद्भवत नाही. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे पूर्वेकडील टोक नाहूरपाशी उतरते, आणि या मार्गावरील राष्ट्रीय उद्यानाखालून जाणाऱ्या जुळ्या बोगद्यांच्या कामाचा प्रारंभ जुलै २०२४ मध्ये झाला. हा रस्ता पूर्ण झाल्यावर आज बराच वेळ घेणारी वाट विनाअडथळा व बऱ्याच अधिक वेगाने पार होईल, आणि तिच्यावरून धावणाऱ्या गाड्यांच्या मागच्या आसनांवर मुलेही असतील.